बोटीचं इंजिन एकदा लोकांसमोर चालू करून दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पलूस तालुक्यात, कृष्णाकाठच्या एका गावात माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुराच्या तयारीबद्दलचं हे पत्र वाचून आजूबाजूच्या चार गावांतल्या लोकांना ते आपल्याच ग्रामपंचायतीबद्दल आहे असं वाटेल, आणि त्यांचं फारसं चुकणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी ग्रामपंचायतीत माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दीडशे शब्दांच्या आत मजकूर. मागितल्या दोनच गोष्टी: गावाचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा, आणि त्यातलं साहित्य जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ सामानाच्या वहीत, जिथं चढलंय त्या पानांची नक्कल. एवढ्यावरून गावात चर्चा. सरपंच स्वतः दुकानात आले. "आप्पा, दारात येऊन विचारायचं की. अर्ज कशाला?" त्यांचा राग मला कळतो. आमच्याकडे अर्ज टाकायचा, मग हॉटेलात बसून तो मागे घ्यायचा भाव ठरवायचा, असा धंदा करणारे आहेत. त्यांच्यामुळं खरं विचारणाराही त्याच माळेत बसतो. पण दारात जाऊन मी दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा चहा मिळाला.

खरं तर असा आराखडा मागायची वेळच यायला नको. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये बरीचशी माहिती कार्यालयानं आपणहून लोकांपुढं ठेवायची आहे. आमच्या फलकावर मात्र घरपट्टीच्या थकबाकीदारांची यादी आहे.

उत्तर एकोणतिसाव्या दिवशी आलं, म्हणजे मुदतीत. आराखडा बावीस पानांचा. मुखपृष्ठावर जुनं वर्ष व्हाइटनरनं पुसून नवं घातलेलं. आत संपर्क यादीत चौदा नंबर. एका संध्याकाळी दुकान बंद केल्यावर चौदाही फिरवले. पाच लागलेच नाहीत. एक ग्रामसेवकांनी उचलला. ते केव्हाच बदलून गेलेले. म्हणाले, "मी आता जतला आहे, इथं प्यायला पाणी नाही, तुम्ही पुराचं विचारताय." मला हसू आलं. मग 'पट्टीचे पोहणारे' या सदरातला पहिला नंबर लावला. त्यांच्या बायकोनं उचलला. हे गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारले, मी स्वतः मयतीला गेलो होतो. मी नुसते नंबर बघून फिरवत होतो, नावाकडं लक्षच गेलं नव्हतं. "वहिनी, चुकून लागला" म्हणून ठेवून दिला.

साहित्याच्या पानावर एक फायबर बोट इंजिनासह, वीस लाइफ जॅकेट, एक जनरेटर, दोन सर्चलाइट. सगळ्यांपुढं शेरा एकच: 'सुस्थितीत'. कायद्यात नुसती नक्कल नाही, प्रत्यक्ष पाहणीही मागता येते, ती मागितली. बोट शाळेच्या मागं पालथी, खाली कुत्रीनं पिल्लं घातलेली. इंजिन दुरुस्तीला गेलंय म्हणे. कुठं, कधी, पावती? "बघून सांगतो." जॅकेटं अकरा भरली, त्यातल्या निम्म्यांचे पट्टे उंदरांनी कुरतडलेले. सर्चलाइट एक. जनरेटर मात्र जागेवर होता. माझा हा रोजचा धंदा. दोरी ओढली ती हातात आली. कार्बोरेटर उघडला तर जुनं पेट्रोल सुकून आत चिकट राळ झालेली. हा जनरेटर ज्या दिवशी आणला त्याच दिवशी शेवटचा चालला असणार, फोटोसाठी.

संपादक महाराज, ही बोट हौसेनं आलेली नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला आमच्याच तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि पुरातून बाहेर पडणारी माणसं बुडाली. त्या आठवड्यात सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथं ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच दिवस आले. बोट, जॅकेटं, जनरेटर हे सगळं त्या माणसांच्या जिवाच्या मोलानं आलेलं साहित्य आहे.

२०१९ ला आमच्या गावात काय झालं ते सांगतो. आधी लाईट गेली. ती घालवावीच लागते, पाण्यात डीपी बुडाल्यावर कोण चालू ठेवणार. मग नळ गेला, कारण जॅकवेल, म्हणजे पाणी उचलायची विहीर, नदीला आणि मोटर विजेवर. तिसऱ्या दिवशी मोबाईलचा टॉवर गेला. गिरण बंद म्हणून पीठ संपलं, एका घराच्या माळ्यावरून जातं खाली काढलं. मारुतीच्या देवळाचा भाग उंच, तिथं साठेक घरं येऊन बसली होती. देवळाशेजारीच बोअर आहे. त्याला पाणी बारमाही. आणि तिथं आम्हाला प्यायला पाणी नव्हतं.

कारण त्या बोअरवर पूर्वी हापसा होता. तो काढून सबमर्सिबल टाकली. मोटर मीच भरली होती, त्यामुळं दोष द्यायला लांब जायला नको. बायकांचे हात दुखायचे थांबले, चांगलंच झालं. पण हापसा काढताना कोणाच्या मनात आलं नाही की लाईट नसली तर? शेवटी एकाची गुऱ्हाळाची काहील आणून देवळाच्या पत्र्याच्या वळचणीला लावली आणि पावसाचं पाणी धरलं. चार बाजूंनी कृष्णा, आणि आम्ही काहिलीतलं पाणी वाटीनं वाटत होतो. एका म्हाताऱ्याकडं सेलवरचा ट्रान्झिस्टर होता. कोयनेतून किती सोडलं ते सगळ्या देवळाला त्याच्याकडून कळायचं.

पुरानंतर ज्यांना परवडलं त्यांनी आपापली सोय केली. इन्व्हर्टर, गच्चीवर सोलर. चांगलं आहे, पण यात एक मोठा गैरसमज आहे, तो माझ्या धंद्यातला म्हणून लिहितो. सबसिडीतून बसलेलं बहुतेक सोलर नेट मीटरचं, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेलं आहे. बाहेरची लाईन गेली की ते आपोआप बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. खांबावर चढलेल्या वायरमनला उलटा करंट लागू नये म्हणून ती व्यवस्थाच तशी आहे. ग्रामपंचायतीच्या छपरावरही तसलंच आहे आणि आराखड्यात त्याची नोंद 'पर्यायी वीज' अशी! पुरात त्या पॅनेलांवर एक बल्ब लागणार नाही. लाईन नसताना वीज हवी तर बॅटरी आणि त्याला चालणारा इन्व्हर्टर वेगळा लागतो. दीडशे अँपिअरची एक बॅटरी निम्मी वापरली तरी तीसेक मोबाईल भरतात. देवळात बसलेल्या माणसांना एवढंच पुष्कळ झालं असतं. हापशाचंही तसंच. एकाच बोअरवर हापसा आणि मोटर दोन्ही बसतात, दुहेरी पंपाची योजना राज्यात कित्येक गावांत चालू आहे. म्हणजे बायकांचे हात पुन्हा दुखवायचीही गरज नाही. पुरानंतर बोअर शुद्ध करायला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर लागते, ती आमच्याकडं उघड्या पोत्यात पडून असते. तशी पावडर जोर सोडते, हे आरोग्य सेवक दरवर्षी सांगतात.

सरपंच म्हणतात, आपत्तीचं काम तहसीलदारांचं. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. त्याच्या कलम ४१ मध्ये स्थानिक प्राधिकरणानं, म्हणजे ग्रामपंचायतीनंही, आपली माणसं शिकवून तयार ठेवायची आणि साहित्य वेळेला लगेच वापरता येईल असं राखायचं, असं लिहिलंय. नोंदवहीत 'सुस्थितीत' लिहायचं असं कुठं लिहिलेलं मला तरी सापडलं नाही.

गैरव्यवहार झाला असा माझा आरोप नाही. झाला असेल तर ऑडिटवाले बघतील. माझं मागणं साधं आहे. महाराष्ट्र दिनाला ग्रामसभा असते, पावसाळ्याला तेव्हा महिना असतो. पंधरा ऑगस्टच्या सभेचा उपयोग नाही, २०१९ ला तोवर पूर येऊनही गेला होता. त्या १ मेच्या सभेत आराखडा नुसता वाचू नका. नोंदवहीतली प्रत्येक वस्तू पटांगणात आणा. बोटीचं इंजिन पाण्याच्या पिंपात घालून दोरी ओढा. जनरेटरवर एक बल्ब लावा. जॅकेट पोरांच्या अंगात घालून पट्टा आवळा. चौदा नंबर लोकांसमोर फिरवा. जे चालणार नाही त्यापुढं 'बंद' असं लिहा आणि इतिवृत्तात घ्या. 'बंद' लिहिलं तर दुरुस्तीला पैसे मागता तरी येतात. असं सगळ्या नदीकाठच्या गावांनी केलं तर जिल्ह्याला खरा आकडा कळेल की चालू बोटी किती.

हा विषय १ मेच्या विषयपत्रिकेत घ्यावा म्हणून मी लेखी दिलं आहे, पोच घेतली आहे. जनरेटरचा कार्बोरेटर धुऊन दिला, त्याची मजुरी घेतली नाही. बोटीच्या इंजिनाला लागेल म्हणून नायलॉनची नवी दोरीही आणली, ती दुकानात खिळ्याला टांगली आहे. इंजिन कुठल्या दुकानात आहे ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

आपला,
एक वाचक, ता. पलूस, जि. सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)