दिवा लाव की!

प्रिय मित्रा,

फोनवर तू म्हणालास, "एवढ्याशा विनोदावरून मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. माझं नेहमीचंच. म्हणून लिहितोय.

ती पहिली वेळ नव्हती रे. गेल्या महिन्यात ऑनलाइन मीटिंगमध्ये टीममधल्या आपल्या त्या सहकाऱ्यानं कॅमेरा चालू केला आणि आपले विनोदवीर म्हणाले, "अरे दिवा लाव की, नुसते दातच दिसतायत!" आठजण हसले. मीही. सगळ्यांत आधी कोण हसलं माहितीये? तो स्वतः. दुसऱ्या दिवसापासून त्याचा कॅमेरा बंद. तू म्हणतोस, त्याला काही वाटलं नाही, मग आपण कशाला मध्ये पडायचं? त्या हसण्याचा मी तरी वेगळा अर्थ लावतो. त्या क्षणी त्याला दुसरं काय करता येणार होतं? चिडला असता तर 'फार मनाला लावून घेतो' म्हणून मोकळे झालो असतो आपण.

त्या संध्याकाळी मी त्याला मेसेज केला, "वाईट वाटलं." त्यानं नुसता अंगठा पाठवला. तो अंगठा मला फार टोचला. अपमान आठजणांसमोर आणि सहानुभूती गुपचूप, हा कुठला न्याय?

बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांचा १९६८ चा एक प्रयोग आहे. खोलीत धूर सोडायचा आणि आतला माणूस बाहेर येऊन सांगतो का ते बघायचं. एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्क्यांनी सांगितलं. पण सोबत ढिम्म बसून राहणारी, आधीच पढवलेली दोन माणसं असली की हेच प्रमाण १० टक्क्यांवर आलं. डोळे चोळत बसले, पण उठले नाहीत! आपल्या मीटिंगमध्ये त्या दिवशी आपण सगळेच एकमेकांसाठी ती ढिम्म माणसं होतो.

म्हणून परवा तोच विनोद पुन्हा झाला तेव्हा मी एवढंच विचारलं, "मला कळलं नाही, यात हसण्यासारखं काय आहे?" भाषण नाही, आरडाओरडा नाही. (आवाज मात्र चिरकला, तू ऐकलाच असशील.) आता विनोद समजावून सांगायचा तर 'तो काळा आहे' हे शब्द तोंडाने उच्चारावे लागतात. ते काही विनोदवीरांना जमेना. "अरे, गंमत रे..." करत गाडी पुढच्या विषयावर गेली.

त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. त्याचा कॅमेरा अजूनही बंदच आहे आणि माझे आभारबिभार त्यानं मानलेले नाहीत. का मानावेत?

रात्री मात्र टीममधल्या एकीचा मेसेज आला, "बरं झालं बोललास." मी तिरमिरीत टाइप केलं, "मग तू तिथेच का नाही बोललीस?" आणि पाठवायच्या आधी खोडून टाकलं. महिन्यापूर्वीचा माझा 'वाईट वाटलं' त्याच फोनमध्ये होता.

तुझा,
चिरक्या आवाजाचा मित्र