फुप्फुसातली गाठ दिसेनाशी झाली तरी बाळाचा सीटी स्कॅन करा

महोदय,

मेळघाट, भामरागड, झरी-जामणीकडे अनेक गरोदर बायांची पहिली सोनोग्राफी सातव्या-आठव्या महिन्यात होते. बाळाच्या फुप्फुसातले जन्मजात दोष शोधायला तेव्हा फार उशीर झालेला असतो. योग्य वेळ 18 ते 20 आठवडे, तेही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले.

या तपासणीत सर्वात आधी बाळाचे हृदय पाहावे. ते एका बाजूला ढकललेले दिसले की कारण शोधलेच पाहिजे. फुप्फुसात पाण्याच्या पिशव्या असतील तर बहुधा सीपॅम, म्हणजे फुप्फुसाच्या एका भागाची जन्मजात सदोष वाढ. सोनोग्राफीत पांढुरक्या दिसणाऱ्या भागाला रक्त थेट महाधमनीतून येत असेल तर सिक्वेस्ट्रेशन, म्हणजे श्वासनलिकेशी न जोडलेला फुप्फुसाचा तुकडा. ती रक्तवाहिनी कलर डॉपलर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफी) न लावल्यास सहज निसटते. हृदयाशेजारी जठर दिसले तर श्वासपटलाला (छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला) छिद्र आहे, हा जास्त गंभीर दोष.

सीपॅम किंवा सिक्वेस्ट्रेशनच्या गाठीची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा, त्याला 0.52 ने गुणून बाळाच्या डोक्याच्या सेंटीमीटरमधल्या घेराने भागावे. उत्तर 1.6 च्या वर गेले तर बाळाच्या अंगात पाणी साचण्याचा धोका मोठा असतो. मग आठवड्याला किमान एकदा सोनोग्राफी हवी. बारीक पिशव्यांच्या गाठीत आईला दिलेल्या बीटामेथासोन या स्टेरॉइडचा उपयोग होतो. मोठ्या पिशवीतले पाणी मोठ्या केंद्रात नळी घालून काढता येते.

गाठ साधारण 26 ते 28 आठवड्यांपर्यंत वाढते, मग थांबते. पुढे ती भोवतालच्या फुप्फुसासारखीच दिसू लागते आणि नवव्या महिन्यात सापडतही नाही. खरी चूक इथे होते. ‘गाठ गेली’ म्हणून घरचे निश्चिंत होतात, जन्मानंतरचा एक्स-रेही कधी नॉर्मल येतो, आणि पुढे त्याच जागी पुन्हापुन्हा न्यूमोनिया होतो. म्हणून बाळ तीन ते सहा महिन्यांचे असताना सीटी करावाच. बहुतेक बाळे जन्मतः नीट श्वास घेतात, हेही कुटुंबाला स्पष्ट सांगायला हवे. भीतीपोटी घाईने गर्भपाताचा निर्णय होऊ नये.

गाठ मोठी असेल किंवा श्वासपटलाला छिद्र असेल, तर बाळंतपण नवजात अतिदक्षता विभाग आणि बालशल्यचिकित्सक असलेल्या ठिकाणीच व्हावे. सिरोंचाहून नागपूर गाठायला दिवस जातो, कळा सुरू झाल्यावर निघून चालणार नाही. अशा आईला तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी हलवण्याची आणि तिथे राहण्याची सोय आरोग्य विभागाने करावी. आशाताईंच्या नोंदवहीत 18 व्या आठवड्याची तारीख आधीच लिहिलेली असावी, आणि प्रत्येक रिपोर्टात हृदय व जठर कुठे आहे याची एक ओळ सक्तीची करावी.

– एक सोनोलॉजिस्ट, यवतमाळ