लक्ष्मीचं पुढे काय झालं

राइटलिंगेन
६ जानेवारी, रात्र

ती. अप्पा आणि ती. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र तूच वाचून दाखवणार आहेस, म्हणून आधीच सांगते, मजकूर मोठा आहे आणि दोन-चार रात्रींत मिळून लिहिलेला असेल. दमलीस की थांब. अप्पांच्या डोळ्याची पट्टी निघाली असली तरी त्यांच्या हातात कागद देऊ नकोस.

अप्पा, मी सध्या कादंबरी वाचतेय. म्हणजे बाणभट्टाचीच. इथून पंधरा मिनिटांवर ट्यूबिंगेन आहे, तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातून नाताळाआधी दोन पुस्तकं आणली. एक रिडिंगबाईंचं १८९६ चं इंग्रजी भाषांतर आणि दुसरी पीटरसनसाहेबांनी संपादलेली मूळ पोथी, मुंबईत १८८३ साली छापलेली. मुंबईत छापलेलं पुस्तक जर्मनीत हातात आलं, तेव्हा पहिलं पान नुसतं बोटांनी चाचपून पाहिलं. दहावीच्या संस्कृतवर बाण झेपत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून इंग्रजी पुढे ठेवते आणि एखादी जागा फार आवडली की मूळ उघडते.

तुमच्या बी.ए.ला त्यातला फक्त शुकनासोपदेश होता. उरलेली गोष्ट तुमच्या हाती कधी आलीच नाही. पण तेवढी पानं तुम्हाला तोंडपाठ. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणं घातली, मागच्या बोळातल्या मागांची खटखट थांबली की तुम्ही सुरू करायचात. म्हातारा मंत्री तरुण राजपुत्राला सांगतोय, बाबा रे, लक्ष्मीवर भरवसा ठेवू नकोस. न परिचयं रक्षति. ती ओळख राखत नाही, कूळ बघत नाही, शील बघत नाही. मला अर्थ कळायचा नाही, पण तुमचा आवाज कुठे कापतो ते कळायचं. आजोबांची गिरणी बंद पडली तेव्हा तुम्ही कॉलेजात होतात. पुढची पस्तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात दुसऱ्याच्या लक्ष्मीचे हिशेब लिहिलेत. तो उपदेश तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलेला नव्हता, हे मला फार उशिरा उमगलं. मी निघाले त्या रात्रीही सिद्धेश्वर एक्स्प्रेस हलेपर्यंत खिडकीशी उभं राहून तुम्ही तेच सांगत होतात.

तर आता उरलेली गोष्ट मी तुम्हाला सांगणार. या पुस्तकात प्रकरणं नाहीत, सगळं सलग आहे. रात्री जेवढं वाचून होईल तेवढं माझं एक प्रकरण.

पहिल्या रात्रीचं प्रकरण असं. विदिशेच्या शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडाळकन्या पिंजऱ्यात पोपट घेऊन येते. ती दूर उभी राहते आणि आपण आल्याचं कळावं म्हणून हातातली वेळूची काठी फरशीवर आपटते. राजा तिच्या रूपाकडे बघतच राहतो आणि मनात म्हणतो, असं रूप द्यायचं आणि स्पर्शही करता येऊ नये अशा जातीत जन्माला घालायचं, हे विधात्याला काय सुचलं! हे वाचून मला राग आला. विधात्याला कशाला बोल लावायचा? तिला दूर कुणी उभं केलं? पण त्या मुलीला लक्षात ठेवा, अप्पा. मीही ठेवलंय.

मग पोपट स्वतःची गोष्ट सांगतो. विंध्याच्या रानात सावरीच्या प्रचंड झाडावर त्याचा जन्म, आई बाळंतपणातच गेलेली, म्हातारा बाप पंख झडलेला, खाली सांडलेले दाणे वेचून पिलाला भरवणारा. एक दिवस शिकारी येतात. सगळे निघून गेल्यावर एक म्हातारा शबर मागे राहतो, झाडावर चढतो आणि एकेका ढोलीतली पिलं फळं काढावीत तशी काढून, माना मुरगळून खाली टाकतो. बापाला पळता येत नाही. तो पिलाला पंखाखाली घेतो आणि तसाच बसून राहतो. शबर त्यालाही मारून खाली फेकतो, पण पंखाखालचं पिलू त्याला दिसत नाही आणि ते वाळल्या पानांच्या ढिगावर पडून वाचतं.

इथे मी पुस्तक मिटलं. प्रेमकथा वाचायला बसले होते. अजून नायिकेचा पत्ता नाही आणि मला त्या म्हाताऱ्या पक्ष्यापुढे जाववेना.

९ जानेवारी

बाणाच्या वाक्यांबद्दल सांगायचं राहिलं. एकेक वाक्य पान-दोन पान चालतं. आधी धीर सुटायचा. मग आपल्या शेजारच्या कारखान्यातला जेकार्ड माग आठवला. कार्डं सरकत राहतात, धागे वरखाली होत राहतात आणि बराच वेळ नुसत्या रेघा दिसतात. आणि मग एकदम मोर दिसायला लागतो. इथे क्रियापद आलं की मोर दिसतो. आता मला ती घाई नकोशी वाटते.

उज्जैनीचा तारापीड राजा आणि त्याचा मंत्री शुकनास, दोघांनाही मूल नाही. मग राजाला स्वप्न पडतं की चंद्र राणीच्या मुखात शिरतोय. शुकनासालाही पडतं, कुणी तेजस्वी पुरुष त्याच्या बायकोच्या, मनोरमेच्या, मांडीवर पांढरं कमळ ठेवतोय. राजाला चंद्रापीड होतो आणि शुकनासाला वैशंपायन. हे कमळही लक्षात ठेवा. पुढे तुमचा उपदेश आला. तो मी मोठ्यानं वाचला, तुमच्यासारखा जमला नाही. रिडिंगबाईंच्या इंग्रजीत तो चांगलाच उतरलाय, पण त्यात रात्रीची गच्ची नाही.

नंतर चंद्रापीड दिग्विजयाला निघतो. तीन वर्षांनी देवलोकातल्या किन्नरांच्या एका जोडीमागे घोडा फेकतो, वाट चुकतो आणि अच्छोद सरोवराच्या काठी पोचतो. शिवाच्या देवळात एक मुलगी वीणेवर गातेय. सगळी पांढरी. तिचं नाव महाश्वेता.

तिची गोष्ट मी सलग दोन वेळा वाचली. आईबरोबर ती सरोवरावर स्नानाला आली होती. तिथे तिला पुंडरीक दिसला, ऋषीचा मुलगा, कानावर स्वर्गातला तुरा. त्यानं तो तुरा तिच्या कानावर ठेवला. तिच्या गालाला बोटं लागली आणि हातातली जपमाळ कधी गळून पडली, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. तिनं ती वरच्यावर झेलली आणि गळ्यात घातली. मग तो लटक्या रागानं माळ परत मागायला आला, तर तिनं स्वतःचा मोत्यांचा हार काढून त्याच्या हातावर ठेवला. तो तोच घेऊन गेला! आपण काय घेतलं याकडे त्याचं लक्षच नव्हतं. आई, एवढ्याशा गोष्टीत मी इतकी रमले की चुलीवरची, म्हणजे इथल्या शेगडीवरची, डाळ लागली.

पुंडरीकाचा मित्र कपिंजल त्याला फार कळकळीनं समजावतो. हेच का गुरूंनी शिकवलं, हाच का तुझा संयम? शब्द वेगळे असले तरी सूर अगदी शुकनासाचाच. त्याचा काही उपयोग होत नाही. रात्री चंद्र उगवल्यावर महाश्वेता घरातून निघते, सरोवरापाशी पोचते आणि तिला कपिंजलाचा आक्रोश ऐकू येतो. पुंडरीक तिची वाट बघत गेलेला असतो. चंद्रबिंबातून एक दिव्य पुरुष उतरतो, तुमची पुन्हा भेट होईल, असं सांगून देह उचलून नेतो. तेव्हापासून ती तिथेच आहे.

बाणानं दोन्ही गोष्टी मनापासून लिहिल्यात, हे मला फार मोठं वाटतं. उपदेश लिहिला तेव्हा तो पुरता शुकनासाच्या बाजूनं आहे आणि महाश्वेता बोलते तेव्हा पुरता तिच्या.

१३ जानेवारी

आज सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षता. इथे सकाळ होती आणि कामावर जाण्याआधी फोनवर बघितली. संमती कट्टा, पांढऱ्या बाराबंद्या, सातही नंदीध्वज. 'हर्र बोला हर्र' झालं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून चार दाणे तांदूळ फोनवर टाकले. आपण दरवर्षी जातो, पण यंदा पहिल्यांदा मला त्या कुंभारकन्येचा विचार आला. सिद्धरामेश्वर योगी. तिनं लग्नाचा हट्ट धरला आणि तिचं लग्न लागलं ते त्यांच्या योगदंडाशी. आठशेहून जास्त वर्षं अख्खं सोलापूर त्या लग्नाला जातंय. महाश्वेतेला हे गाव कळलं असतं.

आता कादंबरी. ती महाश्वेतेची मैत्रीण, गंधर्वांची राजकन्या. मैत्रीण दुःखात असताना मी लग्न करणार नाही, असं तिनं ठरवलंय. चंद्रापीड तिला भेटतो, दोघांच्याही मनात भरतं, पण कुणीच उघड बोलत नाही. आणि तेवढ्यात उज्जैनीहून वडिलांचं पत्र येतं. तारापीड लिहितो, तुला बघून फार दिवस झाले, हे पत्र वाचून संपेल तीच तुझी निघण्याची वेळ समज. तो तसाच निघतो. धड निरोपही घेत नाही.

अप्पा, मी इथे येऊन चार वर्षं झाली. पहिल्या हिवाळ्यात मी फोनवर रडायचे, तेव्हा तुम्ही एकदा जरी 'ये' म्हणाला असतात, तर मी तिकीट काढलं असतं. तुम्ही म्हणाला नाहीत. शेंगाचटणीचं पार्सल आलं, आत आईची चिठ्ठी होती, तुमची सही होती. तेव्हा मला वाईट वाटलं होतं, हे आज लिहून टाकते. तारापीडाचं पत्र वाचल्यावर तुम्ही काय लिहायचं टाळलंत, ते कळलं.

चंद्रापीड घरी पोचतो. मागाहून त्याची दासी पत्रलेखा येते आणि कादंबरीचं दुःख सांगायला लागते. ती सांगत असतानाच, मध्येच, बाण थांबतो. गेला. पुढचं त्याच्या मुलानं लिहिलंय, भूषणभट्टानं. सुरुवातीला तो म्हणतो, वडील स्वर्गाला गेले आणि त्यांच्या वाणीबरोबर ही कथाही तुटली. ती अपुरी राहिल्याचं सज्जनांना दुःख झालं, ते बघून मी हाती घेतली, कवी म्हणून मिरवायला नव्हे. तो श्लोक मी मूळ पोथीतून वहीत उतरवून घेतलाय.

१६ जानेवारी

संपली, अप्पा. काल रात्री दोन वाजता.

मुलाचा हात बापासारखा नाही. त्याला घाई आहे, घटनांवर घटना येतात. पण गाठी त्यानं नीट सोडवल्यात. वैशंपायन अच्छोदाच्या काठी आला आणि त्याला वेड लागल्यासारखं झालं. तो महाश्वेतेच्या मागे लागला, तिनं शाप दिला, पोपट होशील. तो मेला. मित्र गेल्याचं ऐकून चंद्रापीडाचं काळीज फुटलं. कादंबरी येते ती त्याच्या प्रेतापाशी. आकाशवाणी होते, देह जप. आणि ती जपते. तो देह कुजत नाही, ती रोज त्याची पूजा करते.

मग उलगडा होतो. चंद्रापीड म्हणजे प्रत्यक्ष चंद्र. वैशंपायन म्हणजे पुंडरीक. म्हणजे महाश्वेतेनं ज्याला हाकलून शाप दिला, तो तोच होता ज्याच्यासाठी ती इतकी वर्षं बसली होती. हे वाचून मी उठून खिडकीशी गेले. तिचा काहीच दोष नव्हता.

आता ती चांडाळकन्या. ती राजा शूद्रकाला शेवटी सांगते, मी या पोपटाची आई आहे. पुंडरीकाची आई कोण होती माहीत आहे? लक्ष्मी. प्रत्यक्ष लक्ष्मी. मुलगा पोपट होऊनही उतावळेपणानं महाश्वेतेकडे उडून चालला होता. तो पुन्हा संकटात पडू नये म्हणून, शाप संपेपर्यंत त्याला आवरून ठेवायला, ती खाली आली. ज्यांची सावलीही लोक टाळायचे त्यांच्यात येऊन राहिली आणि पोराला पिंजऱ्यात धरून बसली.

अप्पा, तुमच्या उपदेशातली लक्ष्मी हीच! ओळख न राखणारी. शुकनासानं जिला एवढी नावं ठेवली, तिचाच मुलगा त्याच्या घरात वाढत होता. काहीजण म्हणतील, हे पोरानं नंतर जुळवलं. मला तसं वाटत नाही. मनोरमेच्या मांडीवरचं पांढरं कमळ बाणानं स्वतः लिहिलंय आणि पुंडरीक म्हणजे पांढरं कमळच. आपल्या चादरीची खालची बाजू वर केली की तेच फूल उलट्या रंगात दिसतं, तसं मला तुमचं सगळं पाठांतर दिसायला लागलंय. शुकनास खोटं बोलला नाही. आजोबांच्या गिरणीचंही खोटं नव्हतं. पण त्यानं तिला आई म्हणून पाहिलेलं नव्हतं.

शेवट गोड आहे. वसंत येतो, कादंबरी न राहवून त्या देहाला मिठी मारते आणि चंद्रापीड डोळे उघडतो. पुंडरीकही परत येतो. पण मला जी जागा पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते ती थोडी अलीकडची आहे. मुलगा येत नाही म्हटल्यावर तारापीड आणि राणी विलासवती उज्जैनी सोडून अच्छोदाच्या काठी येतात. मुलगा झोपल्यासारखा पडलेला. राजा परत जात नाही. झाडाखाली मुक्काम करतो, सून सासऱ्यापुढे लाजते, सासू तिला जवळ घेते आणि सगळे मिळून वाट बघतात. परत ये, असं पत्र पाठवणारा बाप शेवटी स्वतः चालत आला.

चंद्रापीड नंतर कधी उज्जैनीत राहतो, कधी कादंबरीच्या माहेरी, हेमकूटावर. कुठलंच घर तो सोडत नाही.

अप्पा, आई, तुम्ही दोघं मे महिन्यात इकडे या. सोलापुरात तेव्हा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश असतं, इथे सफरचंदाची झाडं फुललेली असतात. डॉक्टरांना विचारून ठेवा, विमानप्रवास चालेल का. पासपोर्टचे फोटो या आठवड्यात काढून घ्या, अप्पा चष्मा काढून बसा. आमंत्रणाचं पत्र मी इथल्या कचेरीतून करून घेते. दोन्ही पुस्तकांची मुदत तोवर वाढवून मिळेल, मी विचारून आलेय. पीटरसनची अक्षरं मोठी आहेत, नव्या डोळ्यानं तुम्हाला वाचता येतील. उपदेशाच्या पानात मी तांदळाचा एक दाणा ठेवलाय.

तुमची,
सुमी