जंताची गोळी पोटात, बाळाची शी उकिरड्यावर

मा. संपादक, स.न.वि.वि.

१० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला अंगणवाड्या-शाळांत जंताची गोळी देतात. २०१५ पासून हा राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो, तो पाळायलाच हवा. पण काही ठिकाणी गोळी हातावर ठेवून ‘घरी खा’ म्हणतात आणि ती दप्तराच्या तळाशी राहते. गोळी तिथेच, समोर चावून खाल्ली तरच ती दिली म्हणायची.

अल्बेन्डाझोलची ही गोळी ४०० मिलीग्रॅमची असते. १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी, २ ते ३ वर्षांच्या मुलाला पूर्ण. पण दोघांनाही दोन चमच्यांत दाबून भुगा करून, पाण्यात कालवून. नाक दाबून अख्खी गोळी घशात ढकलली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. आजारी मुलाला त्या दिवशी देऊ नये, बरे झाल्यावर मॉप-अपच्या, म्हणजे राहिलेल्या मुलांना गोळी देण्याच्या दिवशी द्यावी. ज्याच्या पोटात जंत फार, त्याला मळमळते, पोट दुखते. सावलीत निजवून पाणी पाजले की बहुधा निवते. गावात मात्र ‘गोळी बाधली’ अशी बोंब होते. खरे तर गोळीची गरज त्यालाच सर्वांत जास्त होती.

गोळी आतड्यातले जंत मारते, अंगणातली अंडी नाही. गोल जंताची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ताजी अंडी बाधत नाहीत. ओल्या, सावलीच्या मातीत दोन-तीन आठवडे मुरली की बाधतात आणि पुढे वर्षानुवर्षे टिकू शकतात. (गूळ-साखर खाल्ल्याने जंत होतात, हा समज त्या बिचाऱ्या गुळावर अन्याय आहे.) अंकुशकृमीला (हुकवर्म) तर अंगात शिरायला आपले तोंडही लागत नाही. त्याची अळी अनवाणी तळपायाच्या कातडीतून शिरते आणि मोठा जंत आतड्याला चिकटून रक्त पितो. तिथे हात धुणे पुरत नाही, चप्पलच हवी.

आता घरोघरचे पाहा. शौचालय आहे, मोठी माणसे वापरतातही. पण रांगत्या बाळाची शी ‘लहानाची, तिला काय होतंय’ म्हणून राखेसकट सुपलीत भरून उकिरड्यावर. तिथेच कोंबड्या उकरतात, तिथेच भावंडे खेळतात. तीच शी शौचालयाच्या भांड्यात टाकून पाणी ओतले की काम झाले.

दोन शोषखड्ड्यांचे शौचालय असेल तर भांड्यातला मैला खड्ड्यांकडे वळवणाऱ्या चेंबरमधली एक वाट वीट लावून बंद हवी. पुष्कळदा दोन्ही उघड्याच राहतात, खड्डे बरोबरीने भरतात आणि उपसताना ताजाच मैला शेतात जातो. भरलेला खड्डा किमान वर्षभर बंद ठेवावा लागतो.

पुढच्या फेरीआधीच्या गृहभेटीत आशाताईंनी ‘बाळाची शी कुठे टाकता?’ एवढा एक प्रश्न वाढवावा, ही विनंती.

— एक निवृत्त आरोग्य सहाय्यक, जि. पालघर