जानापावला पाचही जण

ती. आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की बाबा "बघू, बघू" म्हणून फोन आईच्या हातात देतात आणि आई म्हणते, "तुम्ही जा ग, आम्ही घर सांभाळतो." म्हणून लिहूनच कळवतेय. कागदाला "बघू" म्हणता येत नाही.

दिवाळीत आम्ही तिघं इंदूरला येतोय. भाऊबीज झाली की एक दिवस डोंगरावर जायचं, पाचही जणांनी.

परवा मांडूचे जुने फोटो बघत होते. रूपमती मंडपातले सतरा फोटो आहेत, एकातही आई नाही. तेव्हा लक्षातसुद्धा आलं नव्हतं. आम्ही वर उभं राहून खाली पसरलेलं निमाड बघत होतो, नर्मदेची रेघ दिसते की नाही यावरून वाद घालत होतो, आणि आई खाली रेवाकुंडापाशी सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसली होती. गुडघ्याचं नावही काढलं नव्हतंस तू. "इथे सावली बरी आहे" एवढंच म्हणालीस. खुरासानी चिंचा विकणाऱ्या बाईशी गप्पा मारून एक फळ तेवढं घेऊन आलीस, दुधीसारखं दिसणारं, वरून मखमली लव असलेलं. ते अजून शोकेसमध्ये असेल.

म्हणून या वेळी मांडू नाही, जानापाव. घरापासून साधारण ४५ किलोमीटर, आग्रा-मुंबई रस्त्याने महूच्या पुढे, आणि मुख्य म्हणजे गाडी माथ्यापर्यंत जाते. परशुरामाचं जन्मस्थान म्हणून तुम्हाला ठाऊक आहेच. आईची देवळाची हौसही भागेल. पण बाबा, तुमच्यासाठी तिथे वेगळंच काही आहे. ईशाला शाळेत नद्यांचा धडा आहे आणि चंबळ म्हटलं की तिला फक्त डाकू आठवतात. ती चंबळ उगम पावते याच डोंगरावर. इथून उत्तरेला निघते आणि राजस्थानातून फिरून यमुनेला मिळते. त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला उतरणारे ओढे मात्र नर्मदेला जातात. म्हणजे माथ्यावर हातभर अंतरावर पडलेले दोन थेंब, एक बंगालच्या उपसागरात, दुसरा अरबी समुद्रात. हे तिला मी सांगितलं तर ती मोबाइल बघत "हं" म्हणेल. तुम्ही काठीने मातीत रेघ ओढून सांगितलंत तर ऐकेल. मलाही भूगोल तुम्ही असाच शिकवला होतात, रामबागेतल्या आपल्या अंगणात.

रविवार नको आणि कार्तिकी पौर्णिमाही नको, तेव्हा तिथे जत्रा भरते. मधला एखादा साधा वार बघू. सातला निघायचं. त्या दिवसांत सकाळी वर वारा बोचरा असतो, तेव्हा शाल आणि बाबांची कानटोपी हवीच, शोभत नाही वगैरे चालणार नाही. आई पुढच्या सीटवर बसेल, तिला घाटाच्या वळणांवर मळमळतं. गाडी मी चालवणार. जावईबापू मागे बसतील. तुमच्यासमोर त्यांना हळू चालवावं लागतं आणि त्याचाच त्यांना जास्त ताण येतो.

आता एक नाजूक गोष्ट. बाबा, प्रवास असला की तुम्ही आदल्या रात्रीपासून पाणी बंद करता, चहाही अर्धा कप. मला माहीत आहे का ते. लाजायचं काही कारण नाही. राऊला एकदा थांबू, महूला पुन्हा थांबू, म्हणाल तिथे थांबू. महूला तसंही बाबासाहेबांच्या जन्मस्थानी जाऊन येऊ, म्हणजे "माझ्यामुळे थांबावं लागलं" असं तुम्हाला वाटायला नको. पाणी मात्र प्यायचं. मागच्या उन्हाळ्यात सलाइन लावावं लागलं ते मी विसरलेली नाही.

गॅलरीतल्या घडीच्या खुर्च्या दोन्ही घेऊ. कठड्यापाशी टाकून दोघांनी हवा तेवढा वेळ बसावं. तोवर शेतातलं सोयाबीन निघालेलं असतं आणि गव्हाची पेरणी चालू असते, वरून माळव्याची काळी माती मैलोन्‌मैल दिसेल. पिशव्या गाडीत राहतील, त्यांच्याजवळ कुणी बसायचं नाही.

आई, पहाटे चारला उठून पुऱ्या लाटायला घेऊ नकोस. दिवाळीचा चिवडा आणि चकल्या उरलेल्या असतीलच, दशम्या मी आदल्या रात्री करते. पोहे-जलेबी वाटेत खाऊ. फक्त पोह्यांवर भुरभुरायला जिरावन मसाल्याची डबी पर्समध्ये ठेव, पुण्यात मला तसलं मिळत नाही आणि वाटेतला पोहेवाला हात आखडता घेतो.

बाबांनी वार ठरवून कळवावा.

तुमची,
मनू