दात काढायला सरकार आहे, वाचवायला कोण?

प्रति,
मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०००३२

विषय : माझी खालची डावी दाढ आणि इतर सार्वजनिक प्रश्न

मा. साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपण कामात असाल, राज्य केवढं मोठं, त्यात माझ्या एका दाढेसाठी आपला वेळ घेणं बरोबर नाही हे मला कळतं. पण परवा मंगळवारी जे झालं ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही, आणि झोप तशीही लागत नाहीच आहे, म्हणून रात्री पावणेतीनला हे टाइप करतेय. चुकलंमाकलं समजून घ्या, एक हात गालावर आहे.

मी भांडुप पश्चिमेला राहते, टेकडीच्या बाजूला. आमच्या इथल्या एका दवाखान्यात (नाव लिहीत नाही, उगाच तिथल्या सिस्टरला त्रास, ती बिचारी चांगली आहे) वर्षभरापूर्वी दातांचा विभाग सुरू झाला. सुरू झाला म्हणजे फीत कापली, नारळ फोडला, पेढे वाटले, आणि एक पुढारी माईकवर म्हणाले की आता इथल्या माणसाला दातासाठी मुंबईत जायला नको. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, खोटं कशाला बोलू. तर मंगळवारी अर्धा दिवस सुट्टी टाकून सकाळी आठला लाईन लावली, केस पेपर काढला, चौदावा नंबर. अकराला सिस्टर बाहेर आली आणि म्हणाली, डेंटलवाले कोण कोण आहेत, आज ड्रिलचं काम होणार नाही, कॉम्प्रेसर नाहीये. मी म्हटलं बिघडला का? तर म्हणाली, ताई, बिघडायला आधी यावा लागतो ना.

म्हणजे वर्ष झालं. खुर्ची आली, दिवा आला, थुंकायचं भांडं आलं, आणि ज्याच्या हवेच्या दाबावर ड्रिल फिरतं तो कॉम्प्रेसरच आला नाही. डॉक्टर कंत्राटावर आहेत, आठवड्यातून दोनदा येतात, मोबाईलचा टॉर्च मारून बघतात आणि गोळ्या लिहून देतात. फार दुखत असेल तर दात काढून देतात, त्याला कॉम्प्रेसर लागत नाही, पक्कड लागते. मला पण तेच म्हणाले. काढू का? मी म्हटलं डॉक्टर, ही दाढ वाचेल ना? तर हो म्हणाले, वाचेल की, रूट कॅनल केलं तर छान वाचेल, पण ते इथे होत नाही. फुकटात काढून मिळेल, वाचवायची तर पैसे टाका. साहेब, मराठीत दात काढणे याचा अजून एक अर्थ होतो, तो तुम्हाला माहितीच आहे, आणि गेलं वर्षभर ती बंद खुर्ची आमच्याकडे बघून नेमकं तेच करतेय.

आता तुम्ही म्हणाल एका दाढेचं एवढं काय. तुम्हाला कधी रात्री दाढ दुखलीये का? दिवसा ती बरी असते, शहाण्यासारखी वागते, आणि रात्री अंग टाकलं रे टाकलं की ठण ठण सुरू. मला वाटायचं माझंच नशीब, पण त्या कंत्राटी डॉक्टरांनीच समजावलं (माणूस वाईट नाही, हत्यारं नाहीत त्याच्याकडे) की दाताच्या आत नस आणि रक्तवाहिन्या असतात आणि भोवती कडक भिंत, सुजेला पसरायला जागाच नाही, त्यात आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि ती नस अजून ठसठसते. म्हणून मी गेल्या अकरा रात्री कपाटाला टेकून बसून झोपतेय. दहा बाय बाराची खोली, त्यात चार माणसं, एकजण बसून. लवंगेचं तेल झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, पेनकिलर खाऊन खाऊन ॲसिडिटी झाली, आता ॲसिडिटीची गोळी वेगळी. सकाळी ७.२० ची स्लो लोकल पकडायची आणि दिवसभर उभं राहून लोकांना साड्या दाखवायच्या.

दाखवायच्या म्हणजे, दाखवायचे. खरी जखम ती आहे. मी दादरला एका साडीच्या दुकानात एकोणीस वर्षं काउंटरला होते. दोन वर्षांपूर्वी माझा वरचा पुढचा दात हलायला लागला. हिरड्यांतून रक्त तर आधीपासून यायचं, पण आपल्याकडे त्याला कोण आजार म्हणतं, ब्रश जोरात लागला असेल म्हणायचं आणि चूळ भरायची. तेवढ्यात एक मोफत दंत शिबिर लागलं, मंडप, बॅनर, बॅनरवर नऊ जणांचे फोटो, सगळ्यांचे दात उत्तम. तिथे दोन मिनिटांत सांगितलं हलतोय, काढून टाकू. काढला, बोळा दिला, फोटो काढला. पुढे काय ते कोणी सांगितलं नाही. दात गेला की त्या जागेचं हाड झिजत जातं, बाजूचे दात तिकडे कलतात, समोरचा दात मोकळ्या जागेत सरकायला लागतो, आणि ओठ आत जातो, हे मला नंतर आरशाने शिकवलं. तिथे ब्रिज, म्हणजे बाजूच्या दातांना धरून नकली दात, बसवायचा तर खाजगीत अठरा हजार सांगितले. माझा महिन्याचा पगार त्याहून थोडाच जास्त आहे.

मग मी हसायचं बंद केलं, बोलताना पदर तोंडाशी. आणि साडीच्या काउंटरला न हसणारी बाई म्हणजे काय, गिऱ्हाईक पुढच्या काउंटरला. दिवाळीनंतर शेठ अगदी गोड आवाजात म्हणाले, ताई तुम्ही आता आतला स्टॉक बघा, तुम्हाला दगदग कमी. दगदग कमी आणि इन्सेंटिव्ह पण कमी. त्या दिवशी मी दुकानाच्या मागच्या जिन्यात बसून रडले, सत्तेचाळीस वर्षांची बाई, एका दातासाठी. लोक म्हणतात दिसण्याचं काय घेऊन बसलात, चैनीचे लाड आहेत. तुमच्या बॅनरवरच्या एकाचा तरी पुढचा दात काळा करून बघा बरं, निवडणुकीच्या आधी.

बरं दिसणं सोडा. आमच्या ह्यांना शुगर आहे, नऊ वर्षं झाली. गोळ्या वाढवल्या, भात बंद केला, सकाळचं चालणं सुरू केलं, तीन महिन्यांचं सरासरी साखरेचं ते टेस्ट काढतात ना, ते ८.९ च्या खाली यायला तयार नाही. इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरने त्यांचं तोंड उघडून हिरड्या बघितल्या नाहीत, जीभ दाखवा म्हणतात आणि बंद करा म्हणतात. शेवटी माझ्या भाचीची मैत्रीण, ती बीडीएस म्हणजे दातांची डॉक्टर झालीये, तिने घरी जेवायला आली असताना वास ओळखला (ह्यांना राग आला, पण खरं ते खरं). पायरिया. तिने सांगितलं की हे दोन्हीकडून चालतं, शुगर असली की हिरड्या लवकर सडतात, आणि हिरड्यांत इन्फेक्शन राहिलं की शुगर आवरत नाही. ती काम करते त्या क्लिनिकमध्ये दोन सिटिंगमध्ये खोलवर साफ करून घेतलं, ओळखीत कमी पैशात. पुढच्या टेस्टला ८.४. गोळ्या त्याच, चालणं तेच. जादू नाहीये, अजून खूप खाली आणायची आहे, पण जे साध्या सफाईने झालं ते इतकी वर्षं कोणाला सुचलं कसं नाही?

आणि चावता येत नसलं की माणूस काय खातो ते बघा. ह्यांच्या दोन दाढा गेल्यात. भाकरी नको, काकडी नको, शेंगदाणे नको. मग चहात बुडवून खारी, पाव, मऊ भात. म्हणजे शुगरवाल्याने जे खायचं नाही तेवढंच खाता येतं.

घोरण्याचं पण सांगून टाकते. हे इतके घोरतात की पलीकडच्या भिंतीवरून ठोकतात लोक. झोपेत श्वास अडकतो, मध्येच गुदमरून उठतात, दिवसभर पेंगतात. भाचीची मैत्रीण म्हणाली आधी झोपेची तपासणी करा, आणि फार वाढलेलं नसेल तर डेंटिस्ट खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं एक साधन माप घेऊन बनवून देतात, रात्री तोंडात घालायचं, घशाची वाट मोकळी राहते. मला हे ऐकून हसूच आलं, घोरण्यावर दाताचा डॉक्टर! आणि मी स्वतः झोपेत दात खाते. मुलीने मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकवलं, जात्यावर कोणी खडे दळतंय असा आवाज. दाढांचे कंगोरे घासून सपाट झालेत, सकाळी कानशिलं दुखतात. त्यावर पण रात्री घालायचा गार्ड असतो. असतं सगळं साहेब. आमच्यापर्यंत येत नाही एवढंच.

आमच्या शेजारच्या काकांच्या हृदयाची झडप बदलायची होती. ऑपरेशनच्या आधी मोठ्या डॉक्टरांनी काय सांगितलं माहितीये? आधी दात तपासून, साफ करून या, तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसू शकतात. म्हणजे मोठ्या डॉक्टरांना माहिती आहे की तोंड आणि शरीर एकाच माणसाचं असतं. ऑपरेशन सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत झालं, चांगलं झालं, देव भलं करो. दातांचे पैसे काकांनी खिशातून दिले. योजना पाच लाखांपर्यंत आहे, पण ती ॲडमिट होणाऱ्याची, आणि दाढ दुखली म्हणून ॲडमिट कोण करून घेतं. दुकानाच्या मेडिक्लेमवाल्याला विचारलं तर म्हणाला, मॅडम, ॲक्सिडेंटमध्ये पडला तरच, एरवी दात बसत नाही. मी म्हटलं तेच तर बसवायचंय.

भाचीने जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा रिपोर्ट काढून दाखवला, जगात साडेतीनशे कोटी लोकांना तोंडाचे आजार आहेत, जवळजवळ निम्मी दुनिया. आपल्या देशात राष्ट्रीय मुख आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. होय, आहे, मला पण परवाच कळलं. तीनशेच्या वर डेंटल कॉलेजं आहेत देशात. डेंटिस्टची टंचाई नाहीच, आमच्या स्टेशन रोडला मेडिकलच्या दुकानांपेक्षा डेंटल क्लिनिकच्या पाट्या जास्त आहेत. ती बीडीएस झालेली पोरगी पंधरा हजारांवर दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये राबते. म्हणजे डॉक्टर काम शोधतायत, आम्ही डॉक्टर शोधतोय, आणि मध्ये ती खुर्ची. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात ना, इथे चणेही आहेत आणि दातही आहेत, फक्त टेंडर निघायचंय.

मुंबईत सरकारी आणि पालिकेची मिळून डेंटल कॉलेजं दोन, एक सीएसएमटीजवळ, एक नायरचं मुंबई सेंट्रलला. असू देत, चांगलीच असतील. पण भांडुप, मुलुंड, मानखुर्द, मालवणी, दहिसर इथल्या माणसाने रूट कॅनलच्या तीन-चार सिटिंगला तीन-चार खाडे करून तिकडे जायचं? खाडा म्हणजे पगार कट.

हिशोब मी पण करते, दुकानात बिलं बनवलीयेत. मुंबईत नगरसेवकांचे प्रभाग २२७. प्रत्येक प्रभागात एक साधी देशी खुर्ची, कॉम्प्रेसरसकट, तीन लाखांची धरली तरी सहा कोटी एक्याऐंशी लाख. पालिकेचं २०२५-२६ चं बजेट चौऱ्याहत्तर हजार कोटींच्या वर होतं. दहा हजारातला एक रुपयासुद्धा पुरा होत नाही. डॉक्टरचा पगार वेगळा, मान्य, साहित्य वेगळं, मान्य, दुप्पट करा, दहापट करा. तरी हजारातला एकच रुपया येतो.

पण मला उत्तर माहितीये. दवाखाने पालिकेचे, आमच्याकडे येत नाहीत. डेंटल कॉलेज वैद्यकीय शिक्षण खात्याचं, आमच्याकडे येत नाही. गुटखा अन्न आणि औषध प्रशासनाचा, पोलिसांचा, आमच्याकडे येत नाही. २०१२ पासून राज्यात गुटखा बंद आहे साहेब, आणि त्या दवाखान्याच्या गेटसमोरच्या टपरीवर माळा लटकतायत. आतमध्ये तोंडाच्या कॅन्सरचं पोस्टर, बाहेर माल, मध्ये पाच पावलं. माझ्या सासूबाई आयुष्यभर मशेरी लावत होत्या, तंबाखू भाजून दात घासायची, कोणत्या आरोग्य सेविकेने सांगितलं होतं त्यांना? मशेरीला पण खातं नसेल. दात नेमका कोणत्या खात्यात येतो ते एकदा जीआर काढून कळवा.

रस्त्यांचं पण असंच. खड्डा पडला की पावसाळ्याआधी वरून काहीतरी लिंपायचं, ऑगस्टमध्ये उखडतं. माझ्या दाढेत पण मागच्या वर्षी असंच टेम्पररी सिमेंट भरलं होतं, महिनाभराने या म्हणाले होते, महिनाभराने शिबिरच नव्हतं. आतून कीड खात गेली. तेव्हाच नीट भरली असती तर काही शे रुपयांचं काम, आता रूट कॅनल आणि कॅप मिळून बारा हजार सांगतायत. हे सगळ्या राज्याचं चाललंय, मी फक्त एका दाढेत बघितलं.

मागणं काय? तो कॉम्प्रेसर पाठवा. पक्कड सोडून बाकीचं पण करता येईल एवढं साहित्य द्या, आठवड्याचे सहाही दिवस डॉक्टर द्या. शुगरच्या ओपीडीत हिरड्या बघायला सांगा, त्याला पैसे पण लागत नाहीत. शाळेत पोरांच्या तपासणीत कार्डावर दंतक्षय लिहितात आणि कार्ड दप्तरात जातं, त्या पोराला खुर्चीपर्यंत न्यायची जबाबदारी कोणावर तरी टाका. बाकीचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

सव्वाचार वाजले. पाणी यायची वेळ झाली, उठते. सिस्टर म्हणालीये पुढच्या मंगळवारी येऊन बघा. येणार आहे मी. मंगळवारीही कॉम्प्रेसर नसला तर डॉक्टरांना सांगणार, काढून टाका, कारण झोपेशिवाय बारावी, तेरावी, चौदावी रात्र काढायची ताकद नाही, आणि बारा हजार पण नाहीत.

आपली,
उजव्या बाजूने चावणारी,
भांडुपची एक मतदार

ता.क. त्या खुर्चीवरचं कंपनीचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. फोटो आहे माझ्याकडे, मागितलात तर पाठवते.