टायर फुटला एवढंच छापू नका, कुठला टायर होता तेही विचारा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

समृद्धीवर नाहीतर आपल्या जालना रोडवर टिपर पलटी झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेली ओळ येते, टायर फुटल्याने चालकाचा ताबा सुटला. झालं, बातमी संपली. टायर काय आपोआप फुटतो का हो? रेडियल म्हणजे आत तारांचे पट्टे असलेला होता का नायलॉन दोऱ्यांच्या थरांचा, किती सालचा होता, गाडीत माल किती होता, हवा किती होती, हे कुणी विचारतच नाही. मी जालन्याकडचा, घरचे टिपर आहेत, खदानीतून खडी आणि क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, शेंद्र्याकडच्या साईटवर टाकायचं काम, म्हणून म्हटलं चार गोष्टी लिहून पाठवाव्यात, छापल्या तर बरं.

आमच्या गाडीला एकाच फेरीत दोन रस्ते लागतात. आधी खदानीतला, त्याला रस्ता म्हणायचं म्हणून म्हणायचं, सुरुंग लावून फोडलेला काळा दगड, त्याच्या कडा अशा की चांगला बूट फाटतो, पावसाळ्यात वरून चिखल. आणि तिथून बाहेर पडलं की थोड्या वेळात सरळसोट हायवे, काही फेऱ्यांना तर समृद्धीचं काँक्रीट. आता टायरच्या दुकानात गेलं की दुकानदार एकच विचारतो, खदानीत चालते का? हो म्हटलं की तो मोठ्या खोल लगचा, म्हणजे जाड ठोकळ्यांच्या नक्षीचा टायर काढून ठेवतो आणि सगळीकडे हाच टाका म्हणतो, परत टायर कापला म्हणून माझ्याकडे येऊ नका. ऐकायला बरोबर वाटतं. पण हिशोब केला तर गाडी खदानीत दोन-तीन किलोमीटर चालते, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, आणि बाकीचे चाळीस-पन्नास किलोमीटर हायवेवर भरल्या मालानिशी साठ-सत्तरच्या स्पीडने. मग टायर दोन-तीन किलोमीटरसाठी घ्यायचा का पन्नाससाठी?

माझं म्हणणं असंय की खदानीत टायर कापतो, हायवेवर टायर तापतो, आणि यातलं तापणं जास्त वाईट. कापलेलं संध्याकाळी गाडी उभी केली की दिसतं, बोट घालून बघता येतं, तार दिसायला लागली की टायर उतरवता येतो. आतली उष्णता दिसत नाही. जाड लगचा टायर म्हणजे रबर जास्त, आणि जाड रबर लवकर थंड होत नाही, त्यात मे महिन्यातलं मराठवाड्याचं ऊन, खालून तापलेलं काँक्रीट, आतून पट्टा सुटायला लागतो आणि ड्रायव्हरला कळतं ते धडाम आवाज झाल्यावरच. पूर्वी जुन्या रोडने जाताना दर दहा-पंधरा किलोमीटरला गाव, गतिरोधक, रेल्वे फाटक, चहाची टपरी, टायरला आपोआप दम मिळायचा. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला चालू झाला आणि ५ जून २०२५ पासून तर पूर्ण ७०१ किलोमीटर खुला आहे, चांगलंच झालं, पण तिथे ना गाव ना थांबा, गाडी तासन् तास एका स्पीडला. कारवाल्यांचा ताशी १२० चा विषय सगळे बोलतात, ट्रकची मर्यादा ८० आहे, पण खदानीसाठी बनवलेल्या लग टायरला सलग ८० सुद्धा जास्तच होतात.

टायरवर हे सगळं लिहिलेलं असतं हो, कुणी वाचत नाही इतकंच. शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, एफ असेल तर ताशी ८०, जी म्हणजे ९०, जे म्हणजे १००, के म्हणजे ११०. काही खदानी टायरवर एफ नाहीतर जी असतं, ते हायवेवर रोज पळवायचे नसतात. त्याच्या अलीकडे आकडे असतात, आमच्या १०.०० आर २० टायरवर बहुतेक १४६/१४३ असतं, म्हणजे टायर एकटा असेल तर ३००० किलो, जोडीत असेल तर प्रत्येकी २७२५ किलो. आता मागच्या दोन हाऊसिंगचे, म्हणजे दोन एक्सलचे आठ टायर धरा, २१,८०० किलो होतात. २०१८ साली सरकारने या जोड हाऊसिंगची मर्यादा १९ टनावरून २१ टन केली, तेव्हा आम्ही सगळे खुश झालो होतो. पण बघा, नियमात बसवून भरली तरी टायरकडे शिल्लक राहतात ८०० किलो. आणि लोडरचा एक बकेट दोन-अडीच टनाचा. क्रश सँड ओली असेल तर अजून जड. म्हणजे "एक बकेट जाऊ दे रे" म्हटलं की तिथेच टायरची ताकद संपली, मग तो कुठल्याही कंपनीचा असो.

मी स्वतः बसवतो ते सांगतो, पटलं तर घ्या. पुढे सरळ रेघांचा नाहीतर रिब-लगचा (मधे रेघा, कडेला लग) रेडियल, हायवेचा, के किंवा जे अक्षराचा, आणि पुढे रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला, कधीच नाही, कारण मागच्या जोडीतला एक गेला तर गाडी सावरते, पुढचा गेला तर स्टेअरिंग हातातून जातं. मागे मिक्स सर्व्हिसचा, म्हणजे खदान आणि हायवे दोन्हीसाठीचा रेडियल, सगळ्याच मोठ्या कंपन्या बनवतात, लग असतो पण मधे जोडलेला, रबर चिरा सहन करणारं, खदानीत पकड थोडी कमी मिळते पण हायवेवर खूप कमी तापतो. नायलॉनवाले म्हणतील रेडियलची साईड पातळ, दगडाने फाटते. खरंय ते. नायलॉनच्या साईडला आडव्यातिडव्या घड्या असतात म्हणून ती मार खाते, पण त्याच घड्या एकमेकींवर घासून टायर तापतो, आणि डिझेलही जास्त जातं. गाडी खदान ते क्रशर एवढंच फिरत असेल तर नायलॉन घ्या ना, माझं काही म्हणणं नाही. हायवेला लागणाऱ्या गाडीला मात्र नको, आणि एका हाऊसिंगवर एक नायलॉन एक रेडियल असला प्रकार तर अजिबात नको, तो मी लई गाड्यांना बघतो.

अजून एक, नवा लग टायर मार्च-एप्रिलमध्ये चढवू नये. जूनच्या तोंडावर चढवा, खोल नक्षी चिखलात कामाला येते, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत घासून रबर कमी झालेलं असतं, मग तो कमी तापतो. घासलेला म्हणजे गोटा झालेला नव्हे बरं का, नियम किमान १.६ मिमी नक्षीचा आहे आणि पुढच्या टायरला मी तर तेवढ्यापर्यंत थांबतच नाही. टायर घेताना साईडवरचे चार आकडे बघा, २३२४ असेल तर २०२४ सालचा २३ वा आठवडा. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला टायर नवा म्हणून गळ्यात मारतात, आणि आपण नक्षीला हात लावून खुश होतो.

हवेचं तर बोलायलाच नको. खदानीत गाडी उसळते म्हणून काही ड्रायव्हर हवा कमी करतात आणि तशीच हायवेला घेतात, कमी हवेचा टायर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला दबतो-फुगतो आणि तिथेच तापतो. दुसरे त्याच्या उलट, टायर गरम झाला, हवा वाढली म्हणून वाटेत सोडून देतात, मग थंड झाल्यावर ती कमी भरते. हवा सकाळी थंड टायरमध्येच बघायची असते आणि गेजनेच. टॉमी, म्हणजे लोखंडी पहार मारून आवाजावरून सांगणारे आमच्यात लई, टायर पार बसलेला असेल तर आवाज कळतो, हवा वीस पॉइंट (पीएसआय) कमी असेल तर मोठमोठ्या उस्तादालाही कळत नाही, त्यात जोडीतला आतला टायर. जोडीत अडकलेला दगड खदानीतून बाहेर पडतानाच काढायचा, दोन मिनिटं लागतात, पण मागचा हॉर्न वाजवत असतो.

कारण फेरी. आमचं भाडं ब्रासवर (शंभर घनफूट मालावर) आणि फेरीवर. जो दोन फेऱ्या जास्त मारतो, जो बकेट जास्त घेतो, त्यालाच काम मिळतं, रेट ठरवणारा कधी टायर बदलत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, बरं वाटलं, ट्रॅक्टरच्या टायरला तर ५ टक्केच. तोच ट्रॅक्टर आमच्याच खदानीत मुरूम भरायला येतो, असो.

तर साहेब, तुमच्याकडे एवढंच मागणं, बातमी देताना पोलिसांना नाहीतर आरटीओला विचारा, टायर किती सालचा होता, त्यावर अक्षर काय होतं, काट्याच्या पावतीवर वजन किती होतं. दोन-चार वेळा छापून आलं की लोक आपोआप वाचायला शिकतील. समृद्धीच्या एंट्रीवर मध्यंतरी टायर तपासून गुळगुळीतवाल्यांना परत पाठवत होते, चांगलं काम होतं, तिथे नक्षीसोबत साईडवरचं अक्षर आणि हवासुद्धा बघावी. आणि क्रशर मालकांनी वजनकाट्याच्या शेजारी एक कॉम्प्रेसर, एक चांगला गेज आणि जोडीतला दगड काढायला एक लांब सळई ठेवावी, पावती निघेपर्यंत गाडी तिथे उभीच असते.

आपला,
एक टिपर मालक, जालना